माझ्याजवळ भूक आहे

"फ्रेंच माणसं 'मला भूक लागली' असं म्हणत नाहीत," सोलांजबाई फळ्यावर लिहिता लिहिता म्हणाल्या. "ती म्हणतात, माझ्याजवळ भूक आहे. चला, म्हणा सगळे."

इंग्लंडमधल्या न्यूहेवन बंदराच्या वाचनालयामागच्या खोलीत दर मंगळवारी भरणाऱ्या त्या वर्गात नऊ जण होते. आठ जणांनी म्हटलं. क्लिफर्ड पेलिंगने पेन्सिल खाली ठेवली.

"काय हो, भूक पळाली वाटतं?" शेजारच्या बेरिलने विचारलं. ती पोस्टातून निवृत्त झालेली, उन्हाळ्यात बहिणीबरोबर फ्रान्सला जायचं म्हणून शिकत होती.

"काही नाही," तो म्हणाला.

नऊ वर्षांपूर्वी त्याच्या मुलीने, हेझलने, लोइकला पहिल्यांदा घरी आणलं होतं. क्लिफर्डच्या बायकोने, आयव्हीने, सकाळपासून खपून मटण भाजलं होतं. लोइक समुद्रापलीकडच्या फ्रान्समधल्या दिएपचा, एका खानावळीत स्वयंपाकी. टेबलापाशी येऊन त्याने छातीवर हात ठेवला आणि घोकून आणलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं, "माझ्याजवळ भूक आहे."

क्लिफर्ड खो खो हसला. "तुझ्याजवळ आहे का? मग तिलाही एक खुर्ची दे गं आयव्ही."

एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण जेवण संपेपर्यंत तो लोइकच्या प्रत्येक वाक्याची त्याच्याच उच्चारात नक्कल करत राहिला. पोराचे कान लाल झाले. नंतर तो बोलायचाच बंद झाला.

दाराशी हेझल म्हणाली, "बाबा, तुमच्याशी बोलता यावं म्हणून तो दोन महिने इंग्रजी शिकत होता."

"माझ्या घरात यायचं तर शिकायलाच हवं," क्लिफर्ड म्हणाला.

त्यानंतर ती त्या घरात राहायला आली नाही. लग्नाला आयव्ही एकटी गेली. क्लिफर्ड एकतीस वर्षं न्यूहेवनच्या धक्क्यावर दिएपच्या बोटीचे दोर बांधायचा आणि सोडायचा. मुलगी ज्या बोटीने गेली तिचाही दोर त्यानेच सोडला होता. पण त्या बोटीवर त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आयव्ही दरवर्षी जाऊन यायची आणि भांडी घासता घासता पाठमोरीच सांगायची, त्यांनी स्वतःचं छोटं रेस्टॉरंट काढलंय, सहाच टेबलं आहेत, लोइक स्वतः वाढतो. क्लिफर्ड वर्तमानपत्राचं पान उलटायचा नाही, एवढंच.

गेल्याच्या आदल्या वर्षी आयव्ही वारली. हेझल चर्चमध्ये पहिल्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि संध्याकाळच्या बोटीने परतली. त्यानंतर त्याने दोन पत्रं लिहिली. उत्तरात एक कार्ड आलं, 'आम्ही बरे आहोत.'

वर्ग सुटल्यावर तो सोलांजबाईंपाशी थांबला. "मला जास्त काही नको. हॉटेलात जाऊन बसायचं, काय हवं ते मागायचं, आभार मानायचे. एवढं नीट आलं पाहिजे."

"कुठे जाणार आहात?"

"दिएपला."

"अहो, मग कशाला जीव काढता? तिथल्या वाढप्यांना इंग्रजी येतं."

"त्याला येतं," क्लिफर्ड म्हणाला. "म्हणूनच."

बाईंनी जास्त खोदून विचारलं नाही. त्या दिवसापासून वर्ग सुटला की त्या हातावर रुमाल टाकून वाढपी व्हायच्या आणि क्लिफर्ड गिऱ्हाईक. अडुसष्टाव्या वर्षी जीभ वळत नव्हती. घरी तो समोर रिकामी थाळी ठेवून मोठ्याने सूप मागायचा.

मार्चमध्ये तो बोटीवर चढला. रात्री दिएपच्या एका लॉजमध्ये राहिला, सकाळी दाढी दोनदा केली आणि बाराच्या ठोक्याला बंदरामागच्या गल्लीतल्या लोइकच्या रेस्टॉरंटच्या दारातून आत गेला. खिडकीपाशी बसला.

लोइक वही घेऊन आला. केस मागे हटले होते, अंगाने भरला होता. त्याने म्हाताऱ्याला ओळखलं, तो जागीच थबकला.

क्लिफर्डने टेबलाची कड धरली. "नमस्कार," तो फ्रेंचमध्ये म्हणाला. "मला... मासळीचं सूप आवडेल. आणि मग... सोल मासा. लोण्यात. आणि पाव, कृपा करून."

मध्येच तो दोनदा अडखळला. एकदा चुकून सूपच्या ठिकाणी साबण म्हणाला. लोइक पेन्सिल धरून उभा राहिला. मध्ये बोलला नाही, इंग्रजी शब्द पुढे केला नाही, हसला नाही. वाक्य संपल्यावर त्याने सगळं सावकाश वाचून दाखवलं आणि तो आत गेला.

आत बोलण्याचे आवाज आले. एक बाईचा होता. मग जिन्यावर पावलं वाजली, वर जाणारी.

लोइकने सूप आणून ठेवलं. "हेझल म्हणते, आज नको," तो हळूच इंग्रजीत म्हणाला.

क्लिफर्डने मान हलवली. त्याने सूप संपवलं, मासा संपवला, पावाने ताटली पुसून घेतली. लोइक ताटली उचलायला आला तेव्हा त्याला पुष्कळ सांगायचं होतं. पण माफी मागायचा धडा अजून झाला नव्हता आणि इंग्रजीत ती मागायची नव्हती. जे येत होतं ते म्हणाला, "फार चांगलं होतं. आभारी आहे."

"छान बोललात," लोइक म्हणाला. फ्रेंचमध्ये.

कोट चढवून क्लिफर्ड दारापाशीच घुटमळला. टेबलं राखून ठेवण्याची वही तिथल्या फळीवर उघडी होती.

"पुढच्या गुरुवारी," तो म्हणाला. "बारा वाजता. एक टेबल."

"किती जणांसाठी?"

"दोन."

लोइकने जिन्याकडे पाहिलं. "मी काही शब्द देत नाही हं."

"नको देऊ."

"बरं. नाव?"

स्वतःच्या बायकोचं माहेरचं आडनाव लोइकला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तो पेन्सिल टेकवून थांबला. क्लिफर्ड ताठ उभा राहिला आणि फ्रेंच उच्चारांनी एकेक अक्षर सांगू लागला. लोइक एकेक अक्षर लिहीत गेला. शेवटच्या अक्षराला मात्र म्हातारा इंग्रजी सवयीने 'जी' म्हणाला. फ्रेंचमध्ये तो उच्चार दुसऱ्याच अक्षराचा, J चा; G ला तिथे 'झे' म्हणतात.

लोइकने वहीत बरोबरच अक्षर लिहिलं. "झे," मान वर न करता तो म्हणाला.

"झे," क्लिफर्ड म्हणाला.