पडद्यामागचं पिंप

पालिकेच्या औषधवाल्याने पाण्याच्या टाकीत चिमूटभर दाणे टाकले आणि आईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तशी तिला शंका यायला कारण लागायचंच असं नाही. दूधवाला वेळेवर आला तरी ती दुधाकडे दोनदा बघायची.

"एवढ्याने डास मरतील?"

"मारत नाही हे, मावशी. वाढच थांबवतं. अळी वळवळत राहील, पण तिचा डास व्हायचा नाही."

"आणि माणसाला?"

"काही होत नाही. निर्धास्त राहा."

निर्धास्त! आतल्या खोलीत तिची पोटुशी मुलगी झोपली होती. आधीचं एक मूल पोटातच गेलेलं. अळी कोणती आणि बाळ कोणतं, हे त्या औषधाला कोण सांगणार? आईने ताकास तूर लागू दिली नाही. तो गेल्यावर नळाच्या पाण्याने एक पिंप भरून तिने मुलीच्या खोलीत पडद्याआड ठेवलं. मुलीने प्यायचं ते त्यातलंच. अर्धं झालं की आई वरून भर घालायची. रिकामं करून घासायचं तिला कधी सुचलं नाही. औषधवाला आला की त्याला टाकी दाखवून ती वाटेला लावायची. टाकीत अळ्या खुशाल वळवळत असायच्या. लबाड मेला, आई मनात म्हणायची.

मग मुलीला सणकून ताप भरला. आईने औषधवाल्याला रस्त्यातून हाताला धरून आणलं.

"बघ तुझ्या औषधाचे प्रताप!"

त्याने टाकीतलं पाणी पेल्यात घेऊन उजेडात धरलं. "अळ्या आहेत, पण डास व्हायच्या आधीचे कोष सगळे मेलेत. इथून डास उडालेला नाही. आणखी कुठे पाणी साठवलंय?"

"कुठेही नाही," आई बेधडक म्हणाली.

"आई, अगं माझं पिंप दाखव की त्यांना," आतून मुलगी बिचारी आईच्या मदतीला धावली. "ते पाणी किती चांगलं आहे."

त्याने पडदा सारून झाकण उचललं. डास त्याच्या तोंडावरच उडाले. त्याने झाकण पुन्हा घट्ट लावलं. टोमणा मारला असता तर आईला भांडता तरी आलं असतं.

"बाळाला काही होणार नाही ना रे?"

"ते मला कसं कळणार, मावशी? दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

निघताना मुलीने पाणी मागितलं. आईने सवयीने पेला पिंपाकडे नेला, मागे घेतला, आणि टाकीतलं पाणी गाळून आणलं. मुलगी ते घटाघटा प्यायली. शेवटच्या घोटापर्यंत आईची नजर त्या पेल्यावरून हलली नाही.