पहिली वेलांटी

पाट्या कोरणाऱ्या थोरल्याचा संगणक मंगळवारी सकाळी बसला तो कायमचाच. दुरुस्तीवाल्याने आत डोकावून नुसती मान हलवली. थोरल्याने तोंड वाकडं करत नवा आणला, कपाटातल्या डब्यातून चौदा वर्षांपूर्वीचं कार्ड शोधलं आणि त्यावरचा पंचवीस आकड्यांचा नंबर चष्मा पुसून पुसून भरला. पडद्यावर उत्तर आलं: या परवान्यावर दोन संगणक आधीच नोंदलेले आहेत. तिसरा जोडता येणार नाही.

कोणी म्हणेल, जुना प्रोग्रॅम गेला तर नवा घ्यावा, त्यात एवढं काय. पण त्यात थोरल्याचे वडील होते. वडील आयुष्यभर ब्रशने पाट्या रंगवत आले. त्यांचा हात कापायला लागला त्या वर्षी दोघा भावांनी त्यांची सगळी अक्षरं कागदावरून उचलली आणि एकेक वळण घासूनपुसून त्या प्रोग्रॅममध्ये बसवली. पोटाशी जरा झुकलेला 'ब', टोपी मागे सारल्यासारखा 'ळ', सगळं जसंच्या तसं. वडील गेले, पण लोक अजून ती अक्षरं मागत दुकानात यायचे. दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये ती उघडत नव्हती. थोरल्याने तेही करून पाहिलं होतं. नुसते चौकोन दिसले.

त्याने कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं तेच तेच संगीत ऐकून त्याचं डोकं उठलं, मग एक मुलगी बोलायला आली.

"काका, हा प्रोग्रॅम फार जुना आहे. आमचा नोंदणीचा सर्व्हरही या महिनाअखेरीला बंद होतोय. त्यानंतर काहीच करता येणार नाही."

"म्हणून तर आज फोन केला ना, बाई!"

"थांबा, बघते. तुमच्या परवान्यावर दोन नावं आहेत. एक 'दादा', एक 'छोटू'."

नोंदणी करताना प्रोग्रॅमने संगणकाचं नाव विचारलं होतं आणि धाकट्याने खिदळत ही दोन नावं टाकली होती.

"बिघडला तो 'दादा' ना? मग 'छोटू'वर बसून यादीतून 'दादा' काढून टाकायचा. बटण तिथेच आहे. जागा रिकामी झाली की तुमचा नवा जोडता येईल."

"ते बटण... आधीपासून होतं?"

"पहिल्यापासून आहे, काका. दोन्हीकडे. पण 'छोटू' बराच काळ बंद दिसतोय. नऊ मार्चनंतर कोणी उघडलेलाच नाही."

सप्टेंबर चालू होता. अंगात ताप असला तरी सकाळी आठला दुकान उघडणारा धाकटा सहा महिने संगणकाला हात लावत नाही, याचा अर्थ लावायला थोरल्याला कोणाची गरज नव्हती. त्याने फोन ठेवला.

बारा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. कारण सांगायलाही लाज वाटावी असं होतं. वडिलांच्या नावाने बागेत एक बाक ठेवला होता, आणि त्यावरची पाटी थोरल्याने स्वतः कोरली होती. पडदा बाजूला झाला आणि जमलेल्या सगळ्यांसमोर धाकटा म्हणाला, "दादा, वेलांटी चुकली. 'स्मृतिप्रीत्यर्थ'मधल्या 'ति'ला पहिली येते." थोरल्याने त्याच्या मुस्काटात मारली. चाळिशीच्या भावाला, त्याच्या बायकोदेखत! घरी गेल्यावर त्याने शब्दकोश उघडून पाहिला होता. पहिलीच होती. पण कबूल करायला तोंड उघडेल तर शप्पथ. धाकट्याने वर्षाच्या आत दुसऱ्या गावी दुकान थाटलं, ती अक्षरं आणि परवान्यावरची आपली जागा घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने थोरला निघाला. खिशात एक पेनड्राइव्ह होता. एका वाचनालयाच्या दगडी पाटीचा मजकूर त्यात होता आणि ती पाटी सोमवारी द्यायची होती. दुकानाचं शटर अर्धवट खाली होतं. धाकट्याची बायको बाहेर आली, त्याला पाहून दारातच थबकली.

"भाऊजी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. काय झालंय त्याला?"

"मार्चमध्ये झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, चार-दोन शब्द येतात." तिने पदराने डोळे टिपले. "हॉस्पिटलातून दोनदा तुमचा नंबर काढला होता मी. पण धीर झाला नाही."

"अगं, मीच कुठे..." म्हणत थोरला शटरखालून वाकून आत शिरला.

धाकटा आत खुर्चीत बसला होता. अर्धा चेहरा ओघळलेला, उजवा हात मांडीवर कोणी आणून ठेवल्यासारखा. थोरल्याला पाहिल्यावर त्याचा चेहरा डाव्या बाजूने हसला. बारा वर्षं थोरल्याने मनात कितीतरी वाक्यं घोकली होती. त्यातलं एकही कामाचं नव्हतं. तो जवळ गेला आणि तो मेलेला हात आपल्या हातात घेऊन उभा राहिला.

कामाचं सांगायला त्याला दोन कप चहा लागला. संगणकाचं, यादीचं, सर्व्हर बंद होण्याचं, सगळं त्याने लहान पोराला सांगावं तसं सावकाश सांगितलं. धाकट्याने मान हलवली. बायकोने संगणकावरचं फडकं काढलं, बटण दाबलं. यादी उघडली. वर 'दादा', खाली 'छोटू', दोन्हींसमोर एकेक लाल बटण.

"दुकानात येणारे सगळे म्हणायचे, तो बोलत नाही ना, मग काढून टाक त्याचं नाव," धाकट्याची बायको हळूच म्हणाली. "यांनी बटणाला हात लावला नाही कधी."

थोरल्यानेही लावला नव्हता. त्याला तर बटण आहे हेच माहीत नव्हतं. माहीत असतं तर रागाच्या भरात आपण काय केलं असतं, हा विचार त्याने तिथेच तोडला.

त्याने वरचं बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला: 'दादा' कायमचा काढून टाकायचा?

धाकट्याचा डावा हात झपकन त्याच्या हातावर आला. "नाही."

"अरे, हा मी नाही, संगणक आहे. बिघडलेला."

"नाही. दादा... नाही." धाकट्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि बोटांत भलताच जोर. त्याला किती समजलं होतं, किती नाही, हे त्याचं त्याला ठाऊक. थोरल्याने पडद्याकडे पाहिलं, त्या हाताकडे पाहिलं. आठ दिवसांनी ती यादी जशी असेल तशीच राहणार होती. मग नव्या संगणकावर वडिलांची अक्षरं कधीच उघडणार नव्हती, उघडतील ती फक्त या 'छोटू'वर.

"बरं बाबा, नाही काढत," तो म्हणाला आणि त्याने 'रद्द' दाबलं. मग वहिवाटीचं असावं तसं एक स्टूल ओढून धाकट्याच्या खुर्चीला लावलं. "उद्यापासून मीच इथे येऊन बसतो. चालेल ना गं?"

तिने बाहेर जाऊन शटर पूर्ण वर केलं.

थोरल्याने पेनड्राइव्ह लावला, वाचनालयाचा मजकूर त्या प्रोग्रॅममध्ये घेतला. वडिलांची अक्षरं पडद्यावर उमटली. तोच झुकलेला 'ब', तोच 'ळ'. धाकटा पुढे वाकून एकेक ओळ डोळ्यांनी चाचपत होता. तिसऱ्या ओळीवर तो थांबला. त्याचं डावं बोट वर आलं आणि एका शब्दावर टेकलं. थोरल्याने टाइप केलं होतं, 'स्मृतीप्रीत्यर्थ'. बारा वर्षं तो हट्टाने तसंच लिहीत आला होता.

धाकटा तोंड जुळवत राहिला. ओठ दोनदा फसले.

"पहिली," तो म्हणाला.

"हो रे, छोटू," थोरला म्हणाला. "पहिलीच. बाकावरही पहिलीच पाहिजे होती."

आणि त्याने वेलांटी बदलली.