शिमोनचा उलटा खटका

पेसाह या आमच्या ज्यू सणाच्या आधी आमच्याकडे घराची झडतीच होते. खमीर घातलेल्या पावाचा कणसुद्धा सणाला घरात राहता कामा नये, म्हणून मी कपाटं, खण, सोफ्याच्या फटी, सगळं उपसून काढते. गेली अठ्ठावीस वर्षं या झडतीत शिवणयंत्राच्या पेटीतून एक पिस्तूलही निघायचं, आणि पुसून परत पेटीत जायचं.

पिस्तूल शिमोनचं, माझ्या नवऱ्याचं. तो दर रविवारी नेमबाजीच्या क्लबात जायचा. सत्त्याण्णव साली इथल्या ब्रिटिश सरकारने पिस्तुलांवर बंदी आणली, तेव्हा लायसन्सवरचं एक त्याने मुकाट्याने पोलिसांकडे जमा केलं. दुसरं कागदावर नव्हतंच. कुठून आणलं ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. "मझल, तू फक्त गप्प राहा," म्हणाला. "बाकी तुला काही करायचं नाही." जणू गप्प राहणं म्हणजे काहीच न करणं!

नोव्हेंबरमध्ये शिमोन गेला. पिस्तूल राहिलं. आता आमचा ओरेन एडिनबराहून येणार होता, स्टॅनमोरचं घर आवरून मला फ्लॅटमध्ये हलवायला. पेटी त्याच्या हाती लागली असती तर? पिस्तूल बाळगल्याबद्दल इथे पाच वर्षं आत टाकतात. मी ठरवलं, पोलिसांना सांगायचं की आज साफसफाईत सापडलं. शहात्तर वर्षांच्या विधवेवर कोण संशय घेणार?

फक्त एकटीने फोन करायचा धीर होईना. म्हणून मागच्या गल्लीतल्या जयंतरावांना बोलावलं. जयंतराव भारतीय लष्करातले निवृत्त मेजर, मुलीकडे राहतात, आणि शिमोनचे चहाचे सोबती. दोघांचा वाद एकच, तो पंधरा वर्षं चालला. जयंतरावांच्या लष्करी पिस्तुलाचा हॅमर, म्हणजे गोळीवर ठोका देणारा मागचा भाग, आधी हाताने मागे ओढावा लागे. मग ट्रिगर हलका आणि दर वेळी सारखा. शिमोनच्या आवडीच्या जातीत पहिल्या गोळीला ट्रिगर लांब आणि जड. हॅमर तो ट्रिगरच मागे ओढतो. दुसऱ्या गोळीपासून हॅमर आधीच मागे असतो, म्हणून ट्रिगर नुसत्या स्पर्शाने सुटतो. "एकाच पिस्तुलाला दोन कायदे!" जयंतराव चिडवायचे. "पहिला जड आहे म्हणून तर माणसाला विचार करायला वेळ मिळतो," शिमोन म्हणायचा. तसलं पिस्तूल दोन हातांवर पेटीत पडलंय, हे जयंतरावांना ठाऊक नव्हतं. मी बिस्किटं पुढे करायची आणि तोंडाला कुलूप लावायची.

त्या दुपारी मी त्यांनाही तेच सांगितलं, आजच सापडलं म्हणून. त्यांनी एका शब्दानेही शंका घेतली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोन त्यांनीच लावला, स्पीकरवर. पलीकडच्या बाईने माझं नाव, पत्ता विचारला. केव्हा सापडलं? "टुडे," मी म्हटलं. शिमोनकडे असं काही असल्याची कल्पना होती? "नो." सगळं रेकॉर्ड होतंय, हेही तिने सांगितलं. ऑफिसर निघालेत, तोवर कोणीही हात लावू नका, म्हणाली.

आता, भरलेलं हत्यार समोर आहे आणि त्याला हात लावू नका, असं तीस वर्षं लष्करात काढलेल्या माणसाला सांगून उपयोग आहे का? नळीत गोळी नाही याची खात्री केल्याशिवाय या लोकांचा जीव थाऱ्यावर येत नाही. "मॅडम, आय ॲम अ ट्रेन्ड मॅन," म्हणत जयंतरावांनी ते पेटीतून उचललंच. फोनमधली बाई "सर, प्लीज डोन्ट टच इट" म्हणून ओरडत होती.

आधी त्यांनी अंगठ्याने सेफ्टीचा, म्हणजे गोळी चुकून सुटू न देणारा, खटका वर केला. "सेफ्टी ऑन," त्यांनी फोनला सांगितलं.

त्यांच्या पिस्तुलात खटका वर म्हणजे बंद असेल. शिमोनच्यात उलटं होतं. खाली बंद, वर चालू. पेटीत ते बंदच झोपलेलं होतं. जयंतरावांनी त्याला जागं केलं. मला हे माहीत होतं, कारण शेवटच्या वर्षांत शिमोनचे हात थरथरायला लागले तेव्हा त्याने तो खटका लावणं-काढणं माझ्याकडून घोटवून घेतलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं, आणि फोन चालूच असल्याचा हिरवा दिवा दिसला. आजच सापडलेल्या पिस्तुलाचा खटका कुठल्या बाजूला बंद होतो, हे मला कसं माहीत? मी तोंड मिटलं. लाज वाटते, पण मिटलं.

जयंतरावांनी गोळ्यांचं मॅगझिन काढायला बटण दाबलं. ते गंजलेलं, हलेना. मग नळीत बघायला त्यांनी पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढला. सत्त्याहत्तर वर्षांची बोटं ती, निसटली. तो भाग खाडकन पुढे आला, जाताना मॅगझिनमधली गोळी नळीत घेऊन गेला, आणि हॅमर मागे ताठ उभा राहिला.

"हरकत नाही, वहिनी," ते म्हणाले. पण त्यांच्या कपाळावर घाम होता. "सेफ्टी लागलीय. फक्त धरते का ते बघतो." त्यांनी नळी सोफ्याच्या उशीकडे केली. सोफ्यामागे भिंत, आणि आमच्या जोडघरात त्याच भिंतीपलीकडे मिसेस प्रिचर्ड खुर्चीत बसून दुपारची प्रश्नमंजुषा बघतात. टीव्हीवरच्या टाळ्या मला ऐकू येत होत्या. जयंतराव ट्रिगर दाबून सेफ्टीची परीक्षा घेणार होते, आणि हॅमर मागे असताना तिथे शिमोनचा दुसरा कायदा चालू होता. नुसता स्पर्श पुरे.

"थांबा!" मी किंचाळले. "बोट काढा! उलटा आहे तो. खाली करा, खाली!"

त्यांनी बोट काढलं. खटका खाली ढकलला, तर तो अर्ध्यावर अडला.

"अडतो तो तिथे. अंगठ्याच्या मुळाने दाबा, जोरात. हॅमर आपोआप पडेल, गोळी सुटणार नाही."

त्यांनी दाबलं. टक् झालं. हॅमर पडला आणि काहीच झालं नाही. भिंतीपलीकडे परत टाळ्या वाजल्या. जयंतरावांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं, दोन पावलं मागे सरले आणि माझ्याकडे बघत राहिले. खटक्याची दिशा कोणी ऐकून सांगेल. तो अर्ध्यावर अडतो हे हाताळल्याशिवाय कळत नाही, आणि हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

"व्हॉट डिड शी से, सर?" फोनमधून आवाज आला.

जयंतराव फोनकडे वळले. "शी इज फ्रायटन्ड," म्हणाले.

वीस मिनिटांत पोलीस आले, दोन शस्त्रधारी आणि एक वहीवाली मुलगी. त्यांनी गोळ्या काढल्या, खटका अडतो तेही पाहिलं, आणि पिस्तूल पिशवीत गेलं. मुलीने जयंतरावांना विचारलं, असा अडणारा खटका तुम्ही नेमका कसा बंद केलात?

"आर्मी," जयंतराव म्हणाले. "यू लर्न." त्यांचे कान लाल झाले होते. या माणसाने पत्त्यांत कधी पान लपवलं नाही.

तिने ते लिहून घेतलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. जयंतरावांनी चष्मा चढवला. पेन हातात घेतलं, आणि तो हात थरथरत होता, थेट शिमोनसारखा. मला शिमोनचा भयंकर राग आला. प्रेमाने, गोडीगुलाबीने त्याने मला अठ्ठावीस वर्षं त्या पेटीत कोंडून ठेवलं, आणि आता मी एका सरळ माणसाला आत ओढून झाकण लावत होते.

"जयंतराव, सही करू नका."

"वहिनी, तुम्ही गप्प राहा," ते हलकेच म्हणाले. "बाकी मी बघतो."

तेच शब्द. माझ्या भल्यासाठीच म्हणाले असतील, शिमोनही म्हणाला होता. मी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं.

"ही डझन्ट नो," मी त्या मुलीला म्हटलं. "आय नो. ट्वेंटी-एट इयर्स आय नो."

तिने वर पाहिलं. मला वकील हवा का, विचारलं. वहीचं कोरं पान काढून माझं नाव विचारलं. मी सांगितलं, स्पेलिंगसकट, आणि मग तिने न विचारताच पुढचंही सगळं सांगायला लागले. भीती वाटत होती, पण थांबावंसं मुळीच वाटेना.