मी मोंबासाचा दरवाजा, मुहर्रकचा नव्हे

मित्रांनो, मी दोन फळ्यांचा एक जुना सागवानी दरवाजा आहे आणि मला राग आलेला आहे. दरवाजाला कसला राग, असे ज्यांना वाटते त्यांनी वाऱ्याच्या दिवशी मध्ये बोट ठेवलेले दिसत नाही.

माझे लाकूड मलबारहून गलबताने आले, पण मला घडवले मोंबासाच्या सुताराने. त्याने माझ्यावर कमळे कोरली, खजुराची पाने कोरली, पितळेचे खिळे ठोकले. अकीलाच्या आजीच्या घराला मी पुष्कळ वर्षे होतो. आजी खोबरेल तेलाचा हात माझ्यावरून फिरवी. तेव्हा मी असा चमके की शेजारणी माझ्यात बघून डोक्यावरचा कपडा सारखा करत. पुढे आजी गेली, घर पडले, आणि माझे सरपण करावे असे नातेवाइकांचे एकमत झाले. नातेवाइकांचे तेवढे एकच एकमत मी पाहिले.

अकीला तेव्हा चित्रकार झाली होती. तिने मला उचलून नेले आणि माझ्या आतल्या बाजूवर स्वतःचा चेहरा रंगवला, वरपासून खालपर्यंत. अर्धा एका फळीवर, अर्धा दुसरीवर. एका गालावर आजीच्या छापील कापडाचे तुकडे डकवले, दुसऱ्या गालावर आपल्या शाळेच्या गणवेशाचे. चित्राला नाव दिले, ‘मी घरी आहे’.

त्र्याऐंशी साली आखातातल्या मनामा शहरात एका हॉटेलच्या हॉलमध्ये आफ्रिकेतल्या नव्या चित्रकारांचे प्रदर्शन भरायचे ठरले. कोणी खार्टूमचा, कोणी लागोसचा, कोणी दार-ए-सलामचा. प्रदर्शनाचे नाव होते ‘आम्ही कोण?’. चित्रकारांना हा प्रश्न पडला होता. समितीला उत्तर आधीच ठाऊक होते.

मी खोक्यातून निघालो तेव्हा जमिनीवर पालथा होतो, रंगवलेली बाजू खाली. समितीचे अध्यक्ष नजीब मनामाशेजारच्याच मुहर्रक गावचे. ते बाजारात शिकलेल्या हिंदीत हसतमुखाने म्हणाले, “अरे, ये तो हमारे मुहर्रक का दरवाज़ा है. मेरे चाचा के घर में ऐसा ही था.”

सजावट बघणारे शरच्चंद्र पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी चष्मा पुसला. “आफ्रिका म्हटल्यावर लोकांना मुखवटा हवा, ढोल हवा. निदान एखादा सिंह तरी! दार बघायला कोण येणार? खलास. हे बाजूला ठेवा.”

मित्रांनो, दोघेही शिकलेले, दोघेही सज्जन. पण मला उलटून बघावे असे एकालाही वाटले नाही. अकीलाचे विमान दुसऱ्या दिवशी यायचे होते. मी तोंड जमिनीला लावून पडून राहिलो.

हॉलचे लाकूडकाम कुडाळकडच्या दाजी आणि गुंडू या सुतारांकडे होते. दाजींनी मला पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“दार असां आडवां टाकूचां नाय रे गुंड्या. घरात कोण मेल्यागत दिसतां.”

“मग करूचां काय?”

“त्या सामानाच्या खोलीक नुसतो पडदो आसा. थंय लावया. आणि कमळां बघ ह्येच्यावरची. ह्यां आमच्या कुडाळचांच दार!”

झाले. सकाळी मी मुहर्रकचा होतो, दुपारी कुडाळचा झालो.

चौकट उभी केली की तिची पूजा करायची, ही दाजींची रीत. गुंडूने गुदैबियाच्या बाजारातून हळदकुंकू आणि नारळ आणला. आंब्याची पाने मिळेनात, म्हणून हॉटेलच्या बागेतल्या बदामाच्या पानांचे तोरण बांधले. खरे सांगतो, इतके लाड माझे फार दिवसांत झाले नव्हते. पण रंगवलेली बाजू दाजींनी आत घेतली. “भायर ठेवली तर लोकांचे तेलकट हात लागतले,” म्हणाले. त्यामुळे अकीलाचा चेहरा रात्रभर चहाच्या थर्मासांकडे बघत होता.

उद्घाटनाच्या संध्याकाळी अकीला आली. तिने सगळा हॉल फिरून पाहिला आणि दाजींना गाठले. मोंबासातल्या गुजराती दुकानदारांकडून ती मोडके हिंदी शिकली होती.

“भाई, मेरा मुँह किधर गया?”

दाजींनी घाबरून एक फळी किलकिली केली. आत तिचा गाल दिसला. “बाई, रंग को हाथ लगेगा बोलके अंदर लिया.”

“और ये लाल-पीला?”

“नया दरवाज़ा लगाया तो करना पड़ता है. अपने कुडाळ का है ना.”

“कुडाळ कहाँ है?”

“इंडिया में.”

“मुहर्रक का है, ऐसा तो मुझे बाहर ही बोल दिया. अब इंडिया का हो गया. मोंबासा का कब होगा?”

दाजींनी फळी परत लोटून घेतली. शरच्चंद्र धावत आले. “मॅडम, आज अॅडजस्ट करा. उद्या बघू, इंशाल्ला.” अकीलाने हे ‘उद्या’ नीट ऐकून घेतले.

भाषणे संपली. आफ्रिकेच्या आत्म्याविषयी नजीब बरेच बोलले. आत्म्याची मालकीण तेव्हा सामानाच्या खोलीपाशी उभी होती. मग पाहुणे चहासाठी माझ्याकडे वळले. अकीलाने माझी कडी लावली आणि मला पाठ टेकून उभी राहिली.

“मॅडम, प्लीज,” शरच्चंद्र कुजबुजले. “चाय अंदर है.”

“मेरा मुँह भी अंदर है.”

रांग लांबत गेली. ताटकळलेल्या पाहुण्यांकडे बघून नजीब पुढे झाले. पहिल्यांदाच कोणी तिला विचारले, “बेटी, ये दरवाज़ा किसका है?”

“मेरी दादी का. मोंबासा का.”

“लेकिन मुहर्रक में मेरे चाचा के...”

“चाचा का दरवाज़ा चाचा के पास. ये मेरा है.”

नजीब बाजूला सरले. शरच्चंद्रांनी खिशातल्या कोऱ्या कार्डावर घाईने लिहिले: ‘अकीला, मोंबासा. मुहर्रक शैली.’ अकीलाने त्यांच्याच पेनने शेवटचे दोन शब्द खोडले आणि कार्ड माझ्या चौकटीला लावले. मग तिने दाजींना खूण केली.

दाजींनी कडी काढली. खोलीत सामान दाटलेले, म्हणून त्यांनी मला बाहेर उघडणारा बसवला होता. त्यांनी दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या. अर्धा चेहरा डावीकडे, अर्धा उजवीकडे, आणि मधून चहाची वाट. रांगेतला पहिला पाहुणा तिथेच थांबला. मागचे त्याच्यावर आदळले आणि तेही थांबले. आत चहा होता, पण बराच वेळ कोणी आत गेले नाही.

“अरे, हा तर चेहरा आहे!” शरच्चंद्र म्हणाले.

मी करकरलो. दुसरे काय करणार?

आता मी मोंबासाला अकीलाच्या घराला आहे. हळदकुंकवाचा डाग तिने पुसलेला नाही. पण माझा राग गेलेला नाही, कारण अजूनही नवा पाहुणा मला बघून कुठल्या तरी गावाचे नाव घेतोच. मित्रांनो, तुमच्या दारात कोणी आले, तर तो कुठला हे तुम्ही त्याला सांगू नका. त्याला विचारा. आणि त्याचे सांगून होईपर्यंत चहाला उठू नका.