लख्ख फोटो

त्वचारोग विभागात तिला सगळे फोटोताई म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं, आणि ते तिथंच पडून होतं. बावीस नंबरची खोली तिची. एक उंच पलंग, एक फिरती खुर्ची, भिंतीवर स्क्रीन, जेलची बाटली आणि तो डर्मोस्कोप. डर्मोस्कोप म्हणजे काही जादूटोणा नव्हे, दिवा बसवलेलं भिंग. कातडीवर टेकवलं की वरून नुसता ठिपका दिसतो त्याच्या आत काय शिजतंय ते स्क्रीनवर मोठं होऊन दिसतं. साधा तीळ की कॅन्सर, हे ठरवायला डॉक्टरांना ते चित्र लागतं. चित्र काढायचं हिनं, वाचायचं डॉक्टरांनी.

आणि चित्र काढावं ते हिनंच! बाकीच्या मुलींचे फोटो धूसर यायचे, मध्येच हवेचा बुडबुडा यायचा, भिंग थरथरायचं. हिचा फोटो कसा, लख्ख. एकेक रेघ मोजून घ्यावी. गुपित काही मोठं नव्हतं. बाकीच्या भिंग नुसतं टेकवायच्या, ही अंगठ्यानं चांगलं दाबून धरायची. पेशंट कुरकुरला तर “झालं हं, झालंच” म्हणायचं आणि आणखी थोडं दाबायचं. एकदा प्रशिक्षण द्यायला एक बाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या होत्या, हात हलका ठेवा, जेल भरपूर घ्या. “आली मोठी शिकवणारी! रोजचे साठ पेशंट काढ म्हणावं, मग कळेल हलका हात,” असं पुटपुटून हिनं ते एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्या कानानं सोडून दिलं. धूसर फोटो गेला की मोठे डॉक्टर वर बोलावून झापायचे. हिला कधी बोलावलं नाही. उलट एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, “ताईंचा फोटो असला की मला विचार करावा लागत नाही.” हिचे पाय आठवडाभर जमिनीला लागले नाहीत. कौतुक चढतं माणसाला, दारूपेक्षा वाईट चढतं.

घरी तिचा थोरला भाऊ होता, शाळेत खेळाचा मास्तर. दादा आणि वहिनी खालच्या मजल्यावर, ही वरच्या दोन खोल्यांत. लग्न केलं नाही, जेवण खालीच. दादा बारा महिने अर्ध्या चड्डीत. पोटऱ्या अशा की शाळेतली मुलं त्याला माघारी ‘खांब’ म्हणायची, आणि ते त्याला ठाऊक होतं, आवडतही होतं. त्या डाव्या पोटरीवर एक गुलाबी टेंगूळ आलं. वाटाण्याएवढं, टणक, ना खाज ना दुखणं.

“चेंडू लागला असेल,” दादा म्हणाला.

“चेंडू लागून टेंगूळ चार महिने राहतं होय? तुम्ही त्यांना घेऊन जा हो ताई,” वहिनी म्हणाली. “माझं कुठं ऐकतात?”

फोटोताई त्याला घेऊन गेली. रांग नाही, चिठ्ठी नाही, थेट बावीस नंबर. घरचं माणूस म्हटल्यावर तिनं जास्तच मन लावलं. पाच फोटो काढले, पाचही दाबून. त्यातला सगळ्यात लख्ख निवडला आणि वर पाठवला. दादाला वर न्यायचं, डॉक्टरांपुढं बसवायचं, एवढा खटाटोप कशाला? फोटो बोलतो ना. मोठ्या डॉक्टरांनी फोन केला. “ताई, टणक लागतं का हाताला?” “हो, टणक.” “मध्ये पांढरट, कडेनं फिकट तपकिरी. काही नाही हो, साधी गाठ आहे. खरचटून, किडा चावून होते तसली. राहू दे तशीच.” अर्ध्या तासात दादा शाळेत परत. संध्याकाळी वहिनीनं गोड केलं, आणि ओळख असली की कामं कशी होतात यावर जेवण होईपर्यंत भाषण दिलं.

सात महिन्यांनी दादाच्या मोज्याला रक्त लागलं.

टेंगूळ आता सुपारीएवढं झालं होतं, वरून ओलं. मोठे डॉक्टर सुट्टीवर होते, म्हणून नव्या डॉक्टरीणबाई खाली आल्या. वयानं पोरच, पण स्वतः आल्या, गुडघ्यावर बसल्या, स्वतःच्या हातात भिंग घेतलं. टेंगळावर जेलचा हा एवढा ढीग घातला आणि भिंग त्यावर नुसतं तरंगत ठेवलं, कातडीला लागलं की नाही कोण जाणे.

फोटोताई मनात म्हणाली, येतोय आता धूसर.

स्क्रीनवर लाल ठिपके उभे राहिले. ठिपके, वाकड्यातिकड्या लाल रेघा, मध्ये दुधात रक्त पडावं तसा गुलाबी पट्टा. चौदा वर्षांत तिनं हजारो फोटो काढले होते. वाचायचं काम तिचं नसलं तरी ती काही आंधळी नव्हती. अशा रक्तवाहिन्या कशात असतात हे तिला कळत होतं. कातडीचा कॅन्सर बहुधा काळा असतो; काळा रंग नसलेला असाच दिसतो.

“हे बघा ना ताई,” डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, दादाला ऐकू जाऊ नये म्हणून. “आणि आता मी दाबते हं.” त्यांनी भिंग दाबलं. ठिपके गेले. रेघा गेल्या. कुणीतरी फडक्यानं पुसून घ्यावं तशी स्क्रीन स्वच्छ झाली, मध्ये पांढरट, कडेनं फिकट तपकिरी. “दाबलं की रक्त बाजूला पळतं. गुलाबी गाठीत तर तेच बघायचं असतं. म्हणून हात हलका.” त्यांनी हात उचलला, आणि ठिपके एकेक करून परत आले.

पलंगावर दादा पोटावर पडून विचारत होता, “बारके, काय म्हणतात गं त्या?” लहानपणापासून तो तिला बारके म्हणायचा.

“तुकडा तपासायला पाठवायचाय,” ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरवर जुना फोटो उघडला होता. “फोटो किती सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. “कुणी काढला?”

“मीच.”

बाईंनी फोटो मिटला आणि तुकडा पाठवायचा कागद भरायला घेतला. त्यांना कळलं की नाही, देव जाणे. नव्या होत्या, कुणाशी वाकडं घ्यायचं नसेल. आणि हिनंही सांगितलं नाही.

रिपोर्ट आला. कॅन्सर, आणि तो खोल गेलेला. पोटरीचा लचका काढला, जांघेतल्या गाठी काढल्या, त्यातल्या दोन खराब निघाल्या. मग दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध. खांब म्हणायचे त्या माणसाचा पाय सुजून उशीसारखा झाला. शाळेनं त्याला बसून करायचं काम दिलं, हजेरी तपासायचं. पहिल्याच दिवशी घरी येऊन तो वहिनीला म्हणाला, “मैदानाकडची खिडकी बंद करायला सांगितली मी. आवाज येतो.”

वहिनी पेटली. रडून झाल्यावर बाई जी पेटते ती विझत नाही. “डोळे फुटले होते का त्या डॉक्टराचे? एवढा छान फोटो समोर, आणि म्हणतो काही नाही! ताईंनी आपलं काम चोख केलं, याला नुसतं वाचता आलं नाही!” तिनं तक्रार केली. चौकशी समिती बसली. तीन माणसं, एक टेबल, पाण्याचे ग्लास. फोटोताईला दोन प्रश्न विचारले.

“फोटो तुम्हीच काढलात?”

“हो.”

“नेहमीच्या पद्धतीनं?”

“हो, नेहमीच्याच पद्धतीनं.”

यात खोटं एक अक्षर नव्हतं. तीच तर गंमत. दाबलं का, हे त्यांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. करून सवरून नामानिराळी. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच लिहून दिलं: फोटो निर्दोष आहे, पेशंटला प्रत्यक्ष न बघता मी निदान केलं, चूक माझी. तेही खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं टेबलाच्या या बाजूला पदराशी चाळा करत बसलं होतं. समितीनं डॉक्टरांकडून फोटो वाचायचं काम काढून घेतलं. निवृत्तीला दीड वर्ष होतं, ते थांबले नाहीत, राजीनामा देऊन घरी बसले. जाताना बावीस नंबरमध्ये डोकावून म्हणाले, “ताई, तुमच्या भावाला तोंड दाखवायची हिंमत नाही माझी. माफी मागितली म्हणून सांगा.” चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि हिच्या तोंडून काय निघालं? “बरं.” नुसतं बरं!

त्या दिवसापासून तिचा हात हलका झाला. जेलच्या बाटल्या भराभर संपू लागल्या. फोटो जरा धूसर येऊ लागले. मुली आपसात म्हणाल्या, भावाच्या दुखण्यानं ताईंचा हात गेला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दार लावून ती जुने फोटो उघडायची, गुलाबी गाठींचे, दाबून काढलेले, एकापेक्षा एक लख्ख. कोण होते ते, कुठं असतील, असतील की नाही. दहा-बारा बघितले की ती कॉम्प्युटर बंद करायची. डॉक्टरीणबाईंना सांगून या सगळ्यांना परत बोलवावं, असं ती रोज ठरवायची, आणि रोज उद्यावर ढकलायची.

एका रविवारी दुपारी वहिनी आत इस्त्री करत होती. दादा बाहेरच्या खोलीत, पाय स्टुलावर. दुसऱ्या दिवशी औषधाची पाळी होती. दर वेळी फोटोताईच त्याच्याबरोबर जायची. कागद तिला कळायचे, नर्स तिच्या ओळखीच्या, सुई टोचताना तो तिचाच हात धरायचा.

“डॉक्टरांनी माफी मागितलीय,” ती म्हणाली. “त्यांनी मागायला नको होती दादा.”

आणि मग तिनं सगळं सांगितलं. काही न वगळता, भराभर, एका दमात. दाब, रक्त पळणं, ते ठिपके, समिती. दादानं मध्ये तोडलं नाही. पोरांच्या चुका ऐकून घ्यायची त्याला सवय होती.

“म्हणजे तू हलकं धरलं असतंस तर दिसलं असतं?”

“हो.”

“आणि तेव्हा काढलं असतं तर?”

“तेव्हा लहान होतं. बहुतेक तेवढंच काढून भागलं असतं.”

“तुला हे कळलं कधी?”

“मोज्याला रक्त लागलं, त्या दिवशी.”

“म्हणजे ते डॉक्टर घरी बसले तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

तो स्टुलावरच्या पायाकडं बघत राहिला. तिला वाटलं, ओरडेल. ओरडावं, हात उगारावा, काहीही करावं. लहानपणी तिनं त्याचं काही मोडलं की तो आधी ओरडायचा आणि मग स्वतःच जोडत बसायचा.

“दुखलं होतं मला,” तो म्हणाला. “तू दाबलंस तेव्हा. म्हटलं, हिला येतं, हिच्या कामात कशाला बोला.”

“दादा...”

“सांगून मोकळी झालीस तू. मी काय करू याचं? तुझ्या वहिनीला सांगितलं तर ती तुला या घरात एक दिवस ठेवायची नाही. नाही सांगितलं तर रोज तुझ्यासमोर बसून जेवायचं मी. गप्पच बसायचं होतंस. इतके दिवस बसलीस ना?”

माफ कर म्हणायचं म्हणून ओठ हलले, पण तो शब्द इतका किरकोळ वाटला की तिनं गिळला.

वहिनी घडी केलेले कपडे घेऊन बाहेर आली. “काय चाललंय बहीणभावाचं? ताई, उद्या किती वाजता निघताय? डबा करून ठेवते दोघांचा.”

दादानं वर बघितलं. चेहरा अगदी नेहमीचा.

“हिला रजा नाही उद्या. तूच चल माझ्याबरोबर.”

“मी? अहो, मला तिथला वासही सहन होत नाही. सुई बघून मीच पडेन. आणि ते कागद?”

“शिकशील. यापुढं तूच यायचंस.”

वहिनीनं कपडे टेबलावर आदळले आणि फोटोताईकडं वळली. “हे काय हो ताई? सख्ख्या भावासाठी एका दिवसाची रजा मिळत नाही तुम्हाला? मागितलीत तरी का?”

दादा खिडकीबाहेर बघत होता.

“नाही मिळत वहिनी,” फोटोताई म्हणाली.