चावी दुसऱ्याच्या खिशात

मित्रांनो, माझ्या मानेवर एक आकडा ठोकलेला आहे. अंगाचा रंग विटला, बुडाला गंज चढला, पण तो आकडा पुसला गेला नाही. त्यावरून अजून ओळखता येतं की मी ऑक्सिजनचा सिलिंडर आहे, आणि बराच जुना आहे. अंग काळं, खांदे पांढरे. लखनौमधल्या आलमबागच्या चर्चमागच्या खोलीत मी पडून असतो. तुम्ही अंगणात क्रिकेट खेळता, चेंडू या खोलीत आला की शोधायला येता आणि कधी कधी माझ्या अंगाला बॅट टेकवून ठेवता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला तुम्हाला एका सकाळची गोष्ट सांगायची आहे, कारण ती पुन्हा घडेल अशी मला भीती वाटते.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाची नळी तापवून, तिचं बूड बंद करून आणि मान आवळून मला घडवलं. मग माझ्यात पाणी भरलं आणि दाब वाढवत नेला. हा फुटतो का, ते त्यांना बघायचं होतं. मी फुटलो नाही. पण तेव्हापासून भीती माझ्या सोबतीला आहे.

मला दोन गोष्टींची भीती वाटते. एक म्हणजे तेल. माझ्या तोंडाला तेल किंवा ग्रीस लागलं आणि त्यातून ऑक्सिजन सुटला, तर भडका उडू शकतो. दुसरी भीती मोठी आहे. माझं तोंड मला उघडता येत नाही. माझ्या डोक्यावर पितळेचा व्हॉल्व्ह आहे. त्याच्या चौकोनी दांड्यावर चावी बसवून फिरवावी लागते. चावी नसेल तर मी काठोकाठ भरलेला असूनही कुणाच्या उपयोगाचा नाही.

१९९३ साली मला संत मार्टिन बंधुमंडळानं घेतलं. मंडळ म्हणजे या चर्चमधली अकरा माणसं. कुणी रेल्वेत, कुणी शाळेत शिकवणारा, कुणी पेन्शनर. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली की याच खोलीत बसायची आणि आठवड्याची घरं वाटून घ्यायची. कुणाकडे खाट पोचवायची, कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणा एकट्या म्हाताऱ्याचे केस कापायचे. माणूस कुठल्या धर्माचा हे विचारायचं नाही, असा त्यांचा नियम होता. दुसरा नियम असा, की कुणाच्याही घरी एकट्यानं जायचं नाही. दोघांनीच जायचं.

तिसरा नियम माझ्यामुळे झाला. एका घरी मी चालू असताना पाहुण्यानं शेजारीच बिडी पेटवली. रजई जळाली. माणूस वाचला, पण मंडळ घाबरलं. त्या रविवारी ठरलं, की सिलिंडर एका बंधूकडे राहील आणि चावी दुसऱ्याकडे. दोघे एकत्र जातील, एक जण उघडेल आणि चावी परत खिशात घालून नेईल, म्हणजे घरातलं कुणी व्हॉल्व्हशी खेळणार नाही. मला तेव्हा हा नियम फार बरा वाटला.

माझी जोडी होती हिलरी मिंज आणि बस्त्याव डाबरे यांची. हिलरी रांचीकडचा, रेल्वेच्या कारखान्यात फिटर. मी त्याच्या घरी राहायचो. बस्त्याव वसईचा. हवाई दलातून निवृत्त होऊन आलमबागलाच राहिलेला. चावी त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात असायची. दोघे सकाळी साडेसातला चौकातल्या चहावाल्यापाशी भेटत आणि विक्रम टेंपोत मला दोघांच्या पायांमध्ये धरून नेत.

१९९५च्या डिसेंबरात आम्ही तेलीबागला पंढरीनाथ यांच्या घरी जाऊ लागलो. पंढरीनाथ मूळचे साताऱ्याकडचे. एका संशोधन संस्थेत तीस वर्षं काचकाम केलेले. भट्टीच्या ज्योतीवर काचेची नळी धरायची, तोंडानं फुंकायची आणि प्रयोगाची भांडी बनवायची, हे त्यांचं काम. त्यांच्या छातीत दम भरपूर होता. पण त्यांच्या बायकोला, वसुधाबाईंना, खाटेवरून मोरीपर्यंत जाण्याइतकीही हवा पुरत नव्हती. त्यांची फुप्फुसं आखडत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरीच ऑक्सिजन द्या.

पहिल्या दिवशी पंढरीनाथ दारातच उभे राहिले. हे लोक धर्म बदलायला येतात, असं कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं होतं.

"आमच्याकडं देव आहेत," ते म्हणाले.

"असू देत की," बस्त्याव म्हणाला. "आम्ही सिलिंडर लावायला आलोय. जरा बाजूला व्हा, जड आहे हो."

आतून वसुधाबाईंचा आवाज आला. "अहो, हे मराठी बोलतायत."

"आमच्या घरी पूर्वीपासून हीच बोलतात, वहिनी. वसईचा आहे मी."

"वसईचे? मग केळी नाही आणलीत?" एवढं बोलून त्यांना धाप लागली. पण त्या हसत होत्या.

हिलरीनं मला खाटेशी उभं केलं. बस्त्यावनं चावी फिरवली. माझ्यातली हवा पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत नळीत गेली, नळीतून वसुधाबाईंच्या नाकात. हळूहळू त्यांच्या ओठांचा निळसरपणा गेला. बस्त्याव चावी खिशात घालू लागला तेव्हा पंढरीनाथ म्हणाले, "आमच्या लॅबमध्ये चावी सिलिंडरच्या मानेलाच बांधलेली असायची."

"आमच्यात नियम वेगळा आहे," बस्त्याव म्हणाला आणि त्यानं जळालेल्या रजईची गोष्ट सांगितली.

पंढरीनाथांनी विषय तिथंच सोडला. वस्तू दुसऱ्याची, उपकार दुसऱ्याचे. त्यांना वाटलं, आपण कसं बोलायचं? मित्रांनो, त्या दिवशी त्यांनी हट्ट धरला असता तर बरं झालं असतं.

मंडळाकडे आम्ही दोन सिलिंडर होतो. एक त्यांच्या घरी चालू असायचा, दुसरा भरून हिलरीकडे तयार असायचा. रोज सकाळी अदलाबदल. असा महिना गेला. सून हिमानी रोज चहा करायची. वसुधाबाई तिच्याशी मराठीत बोलायच्या, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि बस्त्याव मध्येच दोघींची चेष्टा करायचा.

मग जानेवारीतली ती सकाळ आली.

त्या दिवशी लखनौत इतकं धुकं होतं की हिलरीला दारातून समोरचा नळ दिसत नव्हता. थंडीमुळे वसुधाबाईंना आदल्या संध्याकाळपासूनच ऑक्सिजन लागला असणार, हे त्यानं ओळखलं. म्हणजे घरचा सिलिंडर लवकर संपणार. तो मला घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला. रस्त्यावर एकही वाहन नव्हतं. बऱ्याच वेळानं एक विक्रम रांगत आला.

"तेलीबाग? अभी चलना है तो बैठो चाचा," टेंपोवाला म्हणाला. "चौक की तरफ़ नहीं जाऊँगा, उधर कुछ दिख नहीं रहा. फिर आज गाड़ी ही नहीं निकालूँगा."

हिलरी क्षणभर थांबला. चौकात बस्त्याव उभा असेल. पण त्याच्याकडे स्कूटर आहे, आपण दिसलो नाही की तो थेट तेलीबागला येईल, असा त्यानं विचार केला. तो बसला. मंडळात आल्यापासून तो पहिल्यांदाच एकटा निघाला होता.

आणि बस्त्यावनं नियम पाळला. दोघांनी मिळून जायचं, म्हणून तो चौकात वाट बघत उभा राहिला. मी हिलरीच्या मांडीशी होतो आणि चावी बस्त्यावच्या खिशात. दोघांचं मन चांगलं होतं. दोघांनी आपापल्या परीनं बरोबरच केलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. घरातल्या सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात शिरला होता. पंढरीनाथांनी दार उघडलं, मला बघून सुटकेचा श्वास सोडला आणि मग हिलरीच्या मागे पाहिलं. मागे फक्त धुकं होतं.

"डाबरे भाई?"

"आते होंगे," हिलरी म्हणाला. "यहाँ नहीं पहुँचे?"

हिलरीनं मला आत आणलं. मी खाटेशी उभा होतो, वसुधाबाईंच्या हाताजवळ. पूर्ण भरलेला. त्यांनी हात लांब केला असता तर माझ्या खांद्याला लागला असता.

पंढरीनाथ शेजारी जाऊन चर्चच्या ऑफिसात फोन करून आले. तिथला माणूस म्हणाला होता, डाबरे साहब तो इधर आए ही नहीं. पंढरीनाथांनी काट्याखालची कळ फिरवून हवेचा प्रवाह दोनवरून एकवर आणला, म्हणजे उरलेला जरा जास्त टिकेल. बाटलीतले बुडबुडे मंद झाले. खोलीत सगळे तेच ऐकत होते. बुडबुडा, मग थांबणं, मग बुडबुडा.

"हिलरीभैयांना... चहा दे," वसुधाबाई हिमानीला म्हणाल्या.

"माँजी, आप बोलिए मत," हिमानी म्हणाली.

साडेआठला पंढरीनाथांनी पक्कड आणली. मी घाबरलो. सायकलच्या डब्यातली पक्कड होती ती, तेलानं माखलेली. पण पंढरीनाथ ऑक्सिजनच्या ज्योतीशेजारी तीस वर्षं जगलेले. त्यांनी ती साबणानं, मग राखेनं, मग पुन्हा साबणानं धुतली, पंच्यानं कोरडी केली आणि हिलरीच्या हातात दिली. "तुमचा हात पक्का आहे," ते म्हणाले.

हिलरीनं माझा दांडा पकडीत धरला आणि जोर लावला. पक्कड सरकली. दांड्याचा एक कोपरा सोलवटला. पुन्हा धरली, पुन्हा सरकली.

"अजून एक कोपरा गेला तर चावीसुद्धा बसणार नाही," पंढरीनाथ म्हणाले आणि त्यांनी हिलरीचं मनगट धरलं.

मित्रांनो, तो वेळ मी कसा सांगू? माझ्या आत दीड हजार लिटर ऑक्सिजन होता. मी आतून रेटत होतो, जसा नेहमीच रेटतो. समोर बाटलीतला शेवटचा बुडबुडा वर आला आणि पाणी स्थिर झालं. हिलरीनं बाटली आणि नळी काढून माझ्या तोंडाला जोडून ठेवली. वसुधाबाईंच्या गळ्याखाली खळगा पडत होता. त्यांची नजर पंढरीनाथांवर होती. पंढरीनाथ त्यांचा हात धरून मोठ्यानं श्वास घेत होते आणि सोडत होते, लहान मुलाला घास भरवताना आपण आपलं तोंड उघडतो ना, तसे. "घे. सोड. घे. सोड." तीस वर्षं काच फुगवलेली ती छाती. पण एका माणसाचा श्वास दुसऱ्याला देता येत नाही.

ओठ निळे झाले. मग नखं.

तेव्हा दार ढकललं गेलं. बस्त्याव आत आला. त्याची माकडटोपी दवानं भिजली होती. तासभर चौकात थांबून तो हिलरीच्या घरी गेला होता, तिथं त्याला हिलरी कधीच निघाल्याचं कळलं. स्कूटर त्यानं वाटेत नाल्याशी सोडली होती, कारण पुढचं काही दिसत नव्हतं. शेवटचा मैलभर तो पळत आला होता. गारठलेल्या बोटांनी त्यानं चावी काढली. ती खाली पडली. हिलरीनं उचलून दांड्यावर बसवली. सोलवटलेल्या कोपऱ्यावरून ती एकदा सटकली. दुसऱ्यांदा धरली, आणि फिरली.

बाटलीत बुडबुडे उसळले.

बऱ्याच वेळानं वसुधाबाईंनी डोळे उघडले. बस्त्याव भिंतीशी उकिडवा बसून तोंड झाकून रडत होता. त्यांनी हात पुढे केला आणि तळवा उघडला.

"चावी," त्या म्हणाल्या.

बस्त्यावनं हिलरीकडे पाहिलं. मग ती त्यांच्या तळव्यावर ठेवली. नियम तिथंच मोडला.

त्या दिवसानंतर वसुधाबाई पाच आठवडे जगल्या. चावी मुठीत असल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. मध्येच दचकून उठत आणि मूठ चाचपून बघत. ती भीती शेवटपर्यंत गेली नाही. फेब्रुवारीतल्या एका दुपारी, ऊन खाटेपर्यंत आलेलं असताना, त्यांचा श्वास थांबला. मी चालूच होतो. बुडबुडे येतच होते. पंढरीनाथांनी त्यांची मूठ उघडून एकेक बोट सोडवलं, चावी घेतली आणि आपल्या हातानं मला बंद केलं.

तेराव्यानंतरच्या रविवारी ते या खोलीत आले. अकरा माणसं बसली होती. त्यांनी खिशातून पितळेची साखळी काढली, चावी तिच्यात ओवली आणि साखळी माझ्या मानेला बांधली. "आग लागू नये म्हणून काय करायचं ते प्रत्येक घरी मी शिकवीन," ते म्हणाले. "पण ही इथंच राहील." कुणी विरोध केला नाही. पुढे बस्त्याव वसईला परत गेला. मंडळाचे सभासद नसतानाही पंढरीनाथ हिलरीचे जोडीदार झाले. कुठल्याही घरात शिरण्याआधी ते माझ्या मानेला हात लावून बघत.

गेल्या वर्षी, १९९८ साली, पाण्याच्या परीक्षेत मी नापास झालो. आता मला भरत नाहीत. माझ्या जागी नवा सिलिंडर आला आहे. त्याला माझीच चावी चालते, म्हणून ती साखळीसकट त्याच्या मानेला बांधली होती. परवा कुणीतरी ती साखळी सोडली. दोन नवे बंधू आपसात बोलत होते, की लहान मुलं इथं खेळतात, चावी हरवेल, दाराजवळ खिळ्याला लावलेली बरी. हेतू चांगलाच आहे. पण उद्या सकाळी नवा सिलिंडर एका घरी जायचा आहे. पंढरीनाथ आणि हिलरी रविवारशिवाय येणार नाहीत.

मित्रांनो, कुणाला द्यायची वस्तू एकीकडे आणि ती उघडायची चावी दुसरीकडे, असं कधी ठेवू नका. तुम्ही चेंडू शोधायला आत याल, तेव्हा दाराच्या उजव्या बाजूला बघा. खिळा फार उंच नाही, तुमचा हात पोचेल. चावी काढा आणि त्या नव्याच्या मानेला बांधा. गाठ दोनदा मारा.