मावळ कुठं आहे हो?

मी प्रतीक्षाबाईंचा टेपरेकॉर्डर बोलतोय. तुम्ही म्हणाल, बोलणं हाच तर तुझा धंदा! छे हो, जन्मभर मी दुसऱ्यांचंच बोललो. स्वतःचं आज पहिल्यांदा.

१९९४ साली बाईंनी मला पुण्यात विकत घेतलं आणि थेट पेठ या त्यांच्या गावी, घरी आणलं. त्यांना आपल्या भागाच्या संस्कृतीवर पीएचडी करायची होती. पीएचडीच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "मावळ नेमकं कुठून सुरू होतं, ती रेघ नकाशावर काढून आणा. रेघ नाही तर पदवी नाही."

एवढंच ना! एसटीत बाईंच्या मांडीवर बसून मी ऐटीत निघालो.

पहिल्याच गावात दादाभाऊ म्हणाले, "मावळ? आमचं न्हाई बा. ते फुडल्या गावापासनं." पुढच्या गावात कुंडलिक म्हणाले, "आमी कुठलं मावळवाले! अजून वर जा, ताई." त्यांच्या लेखी मावळ म्हणजे लांबचं, पावसातलं, मागासलेलं, मग ते आपलं गाव कसं असेल? मला तर हसू आवरेना. बाई मात्र रडकुंडीला आल्या.

शेवटी सह्याद्रीच्या कड्याशी पोचलो. पुढं गावच नाही, खाली कोकण! झुंबरबाई नावाची म्हातारी जात्यावर नाचणी दळत होती. पीठ उडून माझ्या जाळीत शिरलं.

"मावळ? ते तर उगवतीकडं ऱ्हायलं की! तुमी मागं टाकून आलात," ती म्हणाली. "तुजं गाव कोणतं गं?"

"पेठ. पण आजी, आमचं पेठ काही मावळात नाही हं. मावळ जरा वरच्या अंगाला."

म्हातारी अशी हसली की जातं थांबलं. बाईंनी जीभ चावली. पण माझं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलेलंच होतं!

तोंडी परीक्षेला बाईंनी कोरा नकाशा पसरला आणि मला चालू करून सगळ्यांची उत्तरं ऐकवली, अगदी स्वतःच्या उत्तरापर्यंत. "ही रेघ जो तो पुढं ढकलतो, सर. मीही ढकलली." सर असे खदखदून हसले की चहा सांडला. पदवी मिळाली!

आज २००८ साली बाई स्वतः प्राध्यापक आहेत. त्यांचे विद्यार्थी मोबाइलवर रेकॉर्डिंग करतात. माझा बेल्ट सैल पडलाय, झुंबरबाईचा आवाज बाप्यासारखा येतो. भंगारात द्यायचं तर खुशाल द्या. फक्त जाळीतलं पीठ पुसू नका. आणि भंगारवाल्यानं विचारलंच, हा कुठला, तर बेलाशक सांगा, मावळातला. कुणीतरी कबूल व्हायला हवं ना, राव!